लेहच्या तळ्यावर मुक्ता थांबायला शिकली

पावसाळ्याआधी प्रॅक्टिस करताना माझी मुलगी मुक्ता भिंतीवर आदळली आणि तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आम्ही खांदेश्वरला राहतो. आमच्या सोसायटीमागे सिमेंटचं मैदान आहे, तिथे ती चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळते. खेळायची, असं म्हणायला हवं. हाड जुळलं, पण ती परत मैदानात उतरली नाही. बारा वर्षांची पोर संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून खालच्या चाकांची घरघर ऐकायची.

जानेवारीत लेहला लहान खेळाडूंसाठी आइस हॉकीचं शिबिर असतं, हे तिच्या सरांनी सुचवलं. नवरा म्हणाला, "अगं, सिमेंटला घाबरतेय ती. बर्फावर काय नेतेस?" मलाही तेच वाटत होतं. पण मुक्ताने हळूच विचारलं, "आई, अख्खं तळं गोठतं? खरंच?" कितीतरी दिवसांनी तिला कशाची तरी उत्सुकता वाटली होती. मी तिकिटं काढली.

तुम्ही जाणार असाल तर विमानाचं बघा आधी. दिल्लीमार्गे जावं लागतं आणि खर्चातला मोठा वाटा तोच. स्केट्स, हेल्मेट, पॅड शिबिरातच भाड्याने मिळतात. पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. आम्हाला एक जिना चढतानाही धाप लागत होती. मुक्काम एका घरात होता. स्वयंपाकघरातल्या शेगडीला चिकटून बसायचं, वाफाळता थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, प्यायचा आणि खिडकीतून पॉपलरची निष्पर्ण झाडं बघत डुलक्या काढायच्या. जागेपण कुठे संपतं आणि झोप कुठे सुरू होते, कळतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. दुधी काचेसारखं पसरलेलं तळं, त्यावर लालनिळी हेल्मेट घालून तरंगल्यासारखी फिरणारी मुलं. मध्येच खालून खोल, लांब हुंकार आला. मुक्ताने माझा हात घट्ट धरला.

"डरो मत, बर्फ अंगडाई ले रही है," प्रशिक्षक पद्मा म्हणाली. तिशीच्या आतली, हसरी लडाखी मुलगी.

मुक्ताला पळता लगेच आलं. थांबता येईना. चाकांवरची सवय बर्फावर चालत नाही. दोन्ही पाय एकदम आडवे करून स्केटच्या पात्याने बर्फ खरवडावा लागतो. ती दर वेळी वेग यायच्या आतच गुडघ्यांवर बसून घ्यायची. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी हेल्मेट काढून म्हणाली, "मला नाही जमणार. घरी जाऊया."

पद्माने समजूत वगैरे घातली नाही. "शाम को आओ, काम है," एवढंच म्हणाली.

ऊन डोंगराआड गेल्यावर आम्ही गेलो. दिवसभरात पात्यांनी ओरखडलेल्या बर्फावर पाणी सोडायचं होतं. पद्माने एक कोपरा दाखवून पाइप मुक्ताच्या हातात दिला. पाणी पसरायचं, त्यावर जांभळं आकाश उतरायचं आणि बघता बघता ते आकाशासकट थिजायचं. मुक्ता मागे मागे सरत राहिली. थंडीने माझे दात वाजत होते, पण मला तिला हाक मारवेना.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरली. "हा कोपरा माझा," असं म्हणाली आणि सुसाट निघाली. समोर फळ्यांचा कठडा. मी डोळे मिटले. आदळण्याचा आवाज आला नाही. खर्रर्र असं काहीतरी ऐकू आलं. डोळे उघडले तर बर्फाचा पांढरा फवारा खाली बसत होता आणि कठड्यापासून हातभर अंतरावर मुक्ता उभी होती. दोन्ही पायांवर.

"आई! बघितलंस?"

"बघितलं," मी खोटं बोलले.

शिबिराच्या शेवटच्या सामन्यात तिचा संघ हरला. तिला एकही गोल करता आला नाही. परतीच्या विमानात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि झोपेत तिचे पाय हलत राहिले.

घरी आलो तेव्हा जानेवारीतही अंगाला घाम फुटला. लेहचं आता मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. भांडी घासता घासता मध्येच तो निळा-पांढरा उजेड डोळ्यांसमोर येतो आणि नळ तसाच वाहत राहतो. मुक्ताला विचारलं तर म्हणते, "छान होतं." बस्स, एवढंच.

परवा ऑफिसमधून आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून मुक्ताने निरोप दिला होता: खाली खेळायला गेलेय, जेवायला उशीर होईल.