पापडाशेजारचा लॅपटॉप

लोणावळ्यात बऱ्याच घरांत एक कपाट असं असतं, ज्यातला दिवा माणसांसाठी नसून पापडांसाठी जळत असतो.

पावसाळ्यात इथे भिंतींना पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते. म्हणून कपाटात जुना पिवळा बल्ब लावून पापड, गोधड्या आणि घराची कागदपत्रं कोरडी ठेवायची. माझी मुलगी सई बंगळुरूला नोकरीला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप माझ्या ताब्यात आला, तेव्हा आमच्याकडेच राहणारी आंबी गावची आत्या म्हणाली, "बाळू, त्येला गारठा सोसंल व्हय? पापडाशेजारी ठिव. अन् पोट भरून ठिव, न्हाईतर ऐन वक्ताला मान टाकंल!"

मला पटलं. (आत्याचं न पटण्याची सोय आमच्या घराण्यात नाही.) मी नुकताच निवृत्त झालो होतो, जबाबदारी हवीच होती. चार्जर जोडून, बल्बाखाली, दोन पावसाळे मी तो लॅपटॉप जपला. रोज उघडून बॅटरी बघायचो. शंभर टक्के! पाहुण्यांनाही दाखवायचो.

मग सई सुट्टीवर आली. तिला दुसऱ्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत द्यायची होती आणि ती पहिल्या कंपनीच्या लॅपटॉपवरून देणं जरा उद्धटपणाचं झालं असतं. मी समारंभपूर्वक घरचा लॅपटॉप काढला. पापडखाराचा वास सोडला तर नवाकोरा!

सईच्या फोनच्या इंटरनेटवर मुलाखत सुरू झाली आणि वीज गेली.

"घाबरू नकोस," मी निवडणुकीतल्या उमेदवारासारखा हात उंचावला, "शंभर टक्के आहेत!"

समोरच्या बाईंनी "स्वतःबद्दल सांगा" म्हणेपर्यंत सत्तर झाले. सई शाळेपर्यंत पोचली तेव्हा वीस.

"आगं बया! ह्यो तर ब्रेक तुटल्याल्या सायकलीगत सुटलाय," आत्या दारातून म्हणाली.

सई कॉलेजात प्रवेश घेणार, तेवढ्यात पडदा काळा.

तिने फोन करून थोडा वेळ मागून घेतला. समोरच्या चिक्कीच्या दुकानात इन्व्हर्टर होता. पुढे लॅपटॉप छातीशी धरून सई, मागे तिच्यावर छत्री धरून मी, माझ्यामागे चार्जर पदरात गुंडाळून आत्या! चिक्कीच्या डब्यांसमोर मुलाखत पुन्हा सुरू झाली. बाईंनी विचारलं, "अपयशाला कशा सामोऱ्या जाता?"

सईने नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "घरातच सराव झालाय," ती म्हणाली.

नोकरी मिळाली. मी मात्र हट्टाला पेटलो. शंभर टक्के गेले कुठे? समजल्याशिवाय जेवणार नाही म्हणालो. (जेवलो, पण रागारागाने.)

"बाबा," सई म्हणाली, "बॅटरीत लिथियमचे कण इकडून तिकडे ये-जा करतात. त्यातले थोडे थोडे वाटेत कायमचे अडकतात. वयानुसार ते होणारच. पण ऊब आणि काठोकाठ चार्ज, दोन्ही एकदम दिलं की झपाट्याने होतं."

"म्हणजे मी जे जे केलं ते?"

"तेच."

"मग शंभर कसे दाखवत होता?"

"उरलेल्याचे शंभर! हंड्याची वाटी झाली, तरी भरली की भरलेलीच दिसणार ना?"

निवृत्तीनंतर कोणी तब्येत विचारली की मी छाती काढून "शंभर टक्के!" म्हणतो. परवा जिना चढून आलो, शेजाऱ्यांनी विचारलं, मी तेच म्हणालो.

आतून आत्या ओरडली, "उरल्याल्याचं!"

मी कडक शब्दांत उत्तर देणार होतो. पण आधी धाप ओसरायला हवी होती.