नकाशापेक्षा दोन विटा रुंद

आयुष्यात घुमट किती बांधले, असं कोडोलीच्या फक्रुद्दीन मिस्त्रीला कुणी विचारू नये. विचारलं की तो बोटांवर मोजायला लागायचा आणि मोजणी संपायच्या आधी त्याची तक्रार सुरू व्हायची. त्याच्या बापानं दर्ग्यांच्या घुमटांची डागडुजी केली. ते घुमट कोसभरावरून दिसायचे. फक्रुद्दीननं बांधलेल्या घुमटावर मात्र लगेच माती पडायची आणि आत म्हशीचं शेण. गोबरगॅसचा घुमट बघायला कोण येतंय, असं तो म्हणायचा. पण म्हणताना मिशीतल्या मिशीत खूश असायचा, हे त्याच्या बायकोला, सलमाला, पक्कं ठाऊक होतं.

त्याआधी वीस वर्षं त्यानं गुऱ्हाळांची चुलवाणं बांधली. गुळाच्या काहिलीखालची ही भट्टी पेटली की अख्ख्या शिवारावर धूर पसरायचा. मग त्र्याऐंशी साली गवंड्यांचं एक शिबिर भरलं. तिथं एका साहेबानं फळ्यावर खडूनं घुमट काढला. खाली शेणाचा काला, वर साठलेला गॅस, त्याची नळी थेट स्वयंपाकघरात. लाकूड नको, धूर नको, गंजणारी लोखंडी टाकीही नको. फक्रुद्दीन घरी आला तो निराळाच होऊन. आजवर धूर होईल असंच बांधत आलो, आता धूर जाईल असं बांधून बघतो, म्हणाला. सलमा हसली. तिला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल.

खूळ टिकलं, पण एक अडचण निघाली. घुमटाला आतून गिलावा करावा लागतो आणि आत जायला शेणकाला बाहेर पडायची तेवढीच खिडकी. नकाशा काढणाऱ्यानं ती बेतली होती शेणाच्या मापानं. फक्रुद्दीन होता पोटाच्या बाजूनं सुखी. पहिल्याच कामावर तो खिडकीत असा अडकला की दोन गडी पाय धरून ओढत होते आणि तो आतून त्यांना शिव्या घालत होता. सलमा तेव्हा विटा वाहायची. तिनं घमेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि सरळ आत गेली. त्या दिवसापासून आतलं काम तिचं.

तिचा हात होताही तसाच. थापीनं गिलावा ओढून ती वरून तळहात फिरवायची आणि डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला सापडायची. फक्रुद्दीन बाहेरून घुमटावर बसून विटांच्या फटी भरायचा. मध्ये एका विटेची भिंत, आणि तिच्या आरपार दोघांच्या गप्पा. एरवी घरात हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा. तोंड दिसत नसलं की मात्र त्याला बोलणं सुचायचं. लग्नाआधी तिला कोडोलीच्या बाजारात बघितलं होतं आणि मग तीन दिवस जेवण गेलं नव्हतं, हे त्यानं लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर सांगितलं, तेही असंच घुमटावर बसून. आत अंधारात सलमा लाजली आणि तिचा तेवढा गिलावा जाड बसला.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी हंबीररावाच्या गोठ्यामागं काम धरलं. हंबीरराव चार म्हशींचा धनी, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या हौसेचा. गॅस मात्र हवा होता त्याच्या बायकोला, तानाबाईला. ओल्या गोवऱ्यांच्या धुरानं तिचे डोळे पार अधू झाले होते. सारखं पाणी गळायचं, तांदळातला खडा दिसायचा नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं की धूर सुटला नाही तर उरलीसुरली नजरही जाईल. हंबीररावानं घुमट पुरा होण्याआधीच गोबरगॅस योजनेच्या कोल्हापूरच्या साहेबाला शेगडी पेटवायला बोलावून टाकलं. गावातले आणखी चौदाजण अर्ज भरून त्या शेगडीकडं डोळे लावून बसले होते.

ठरल्या वेळी शेणकाला भरला. पंधरा दिवस गेले, वीस गेले. शेगडीची कळ फिरवली तर नुसता उंदीर फुसफुसावा तसा आवाज. साहेब यायला चार दिवस उरले होते. फक्रुद्दीननं घुमटावरची माती काढली आणि साबणाचं पाणी ओतलं. एका बाजूला बुडबुडे आले. एकामागं एक, हातभर लांब, ओळीनं.

सलमाला ती ओळ बघताक्षणी ओळखू आली. रोज्यांचे दिवस होते ते. गिलावा एका दमात पुरा करावा लागतो, मध्ये थांबलं की सुकलेल्या-ओल्याचा सांधा राहतो आणि गॅसला तेवढी वाट पुरते. त्या संध्याकाळी हातभर काम उरलं होतं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आत भट्टीसारखी उष्णता. बांग झाली तशी फक्रुद्दीननं बाहेरून हाक मारली, आधी रोजा सोड. एवढं झाल्यावर येतो, असं ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. ती बाहेर आली, खजूर खाल्ला, पाणी प्याली आणि त्याच्याशेजारी घटकाभर बसली. परत जाऊन तिनं उरलेलं काम संपवलं होतं.

दोन दिवस गड्यांनी बादल्यांनी काला उपसला. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडी पडली. सलमा सिमेंट कालवून तयारच होती. फक्रुद्दीननं तिला थांबवलं. सडलेल्या शेणाच्या खड्ड्यात हवा नसते, शिबिरात बजावून सांगितलं होतं. त्यानं पाटीत एक कोंबडी बांधून आत सोडली. बाहेर काढली तेव्हा तिची मान लोंबत होती. वाऱ्यावर ठेवल्यावर ती हळूहळू शुद्धीवर आली, आणि हंबीररावानं तेवढंच धरलं. कोंबडी जगली की, म्हणाला. कमरेला दोर बांधू, चक्कर आली तर ओढून घेऊ. साहेब उद्या यायचे आहेत, गावात तोंड कसं दाखवू? आणि मिस्त्रीणबाईला भ्या वाटत असेल तर माझा गडी उतरतो.

सलमाला भीती वाटत नव्हती, हीच खरी पंचाईत होती. चूक आपल्या हातची, ती आपणच निस्तरायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती खिडकीच्या काठावर बसली, पाय आत सोडले.

"सांधा माझ्या हातचा हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन मिंटात घोटून येतो."

"हाक म्या मारलीती," फक्रुद्दीन म्हणाला. चारचौघांत त्याला अशी चूक कबूल करताना कुणी ऐकलं नव्हतं.

ती तरी उठेना. आणि तेव्हा पडवीतून तानाबाई आली. डोळ्यांना पदर लावत, चाचपडत ती सलमाजवळ बसली आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"फोडा, मिस्त्री," ती म्हणाली. "मी आनखी चार म्हैनं धूर खातो. पर हिला आत घालू नगा. कुणालाच घालू नगा."

हंबीरराव काहीतरी बोलायला गेला. तानाबाईनं त्याच्याकडं नुसतं तोंड वळवलं, तिला त्याचा चेहरा दिसलाही नसेल. तो दोन पावलं मागं सरला.

फक्रुद्दीननं कुदळ उचलली आणि घुमटावर चढला. घुमट उभा असेतोवर कुणी ना कुणी आत उतरणार, हे त्याला दिसत होतं. चांगला बांधला होता त्यानं, लवकर फुटेना. एकेक वीट आत पडत गेली आणि त्याच्या मिशीवरून घाम ओघळत गेला, की आणखी काही, ते सलमानं नीट बघितलं नाही. तिला बघवलं नाही. या माणसाला आपण इतक्या हव्या आहोत, हे तिला माहीत होतं. पण असं उघड्यावर, भर सकाळी, गावादेखत कळल्यावर तिला रडू आवरेना. तानाबाईनं मनगट सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि विटांचा ढीग बघून गेले. हंबीरराव त्या दिवशी उसाला पाणी पाजायला गेला होता, म्हणजे लपला होता. चौदातले सहा अर्ज परत गेले. फक्रुद्दीननं कुणाची समजूत घातली नाही. पावसाळा सरला तसा तो त्याच खड्ड्यात उतरला आणि पुन्हा बांधायला लागला. या खेपेला विटा हंबीररावानं स्वतः गाडीतून आणून टाकल्या.

गिलाव्याच्या दिवशी सलमा आत गेली. थापी हातात घेतली तोच मागं अंधार झाला. वळून बघते तर खिडकीतून फक्रुद्दीन, धापा टाकत, पण न अडकता आत येत होता. घुमटाच्या पोटात दोघं पहिल्यांदाच समोरासमोर उभी राहिली. आता तोंड दिसत होतं, त्यामुळं त्याला काही बोलणं सुचेना. तो नुसता तिच्या हातात गिलावा देत राहिला आणि काम एका दमात पुरं झालं.

दिवाळीला तानाबाईची शेगडी पेटली. तिचे डोळे पुरते बरे झाले नाहीत, पण पाणी थांबलं. उरलेल्या आठजणांची कामंही निघाली. त्यातल्या एका कामावर तपासणीला एक तरुण अभियंता आला. फीत लावून त्यानं सगळं मापलं, कागद पुन्हा उलगडून बघितला आणि विचारलं, नकाशापेक्षा खिडकी दोन विटा रुंद कशी?

"नकाशा काढनाऱ्याची बायकू आत जात नसंल, सायेब," फक्रुद्दीन म्हणाला.

अभियंत्यानं खिडकीतून आत बघितलं. आत सलमा तळहातानं गिलावा चाचपत होती. त्यानं फीत गुंडाळली आणि कागदावर सही केली.