नानागुरुजींची सरहद्द

नानागुरुजींशी वाद घालायचा, तर आधी त्यांचं म्हणणं तुम्हालाच मांडावं लागे. तेही असं, की त्यांनी मान डोलावली पाहिजे. मगच ते खोडून काढायची परवानगी. ही शास्त्रचर्चेतली जुनी शिस्त. पण दुर्गाघाटावर पोरांना वेद शिकवणारा हा माणूस ती आमटीतल्या मिठालासुद्धा लावायचा.

बँकेतल्या बदलीमुळे मी बनारसला आलो आणि त्यांच्या घरी भाडेकरू झालो. संध्याकाळी त्यांच्यामागोमाग राजा घाटावर जायचो ते त्यांची आणि पंडितजींची जुगलबंदी ऐकायला. पंडितजी मूळचे नेपाळचे. लहानपणी इथे शिकायला आले, नानांच्याच घरी वाढले आणि मराठी आपल्यासारखीच बोलत. विषय बहुतेक एकच असे. भारत-नेपाळ सरहद्दीवर तपासणी असावी की नसावी?

"सख्ख्या भावाच्या घरी जाताना दार वाजवता का हो तुम्ही?" पंडितजी विचारत.

"दार नाही वाजवत. पण चपला तर काढतो ना? दोस्ती आपल्या जागी, चेकिंग आपल्या जागी," नाना म्हणत.

मला कुतूहल वेगळंच होतं. पंडितजींची बाजू मांडताना नाना इतके रंगून जात, की हा माणूस मनातून मोकळ्या सरहद्दीचाच आहे असं वाटे. सून पलीकडची, बाजार अलीकडचा, मधे कुंपण कशाला, वगैरे. पंडितजींनी मान डोलावली, की त्याच उत्साहाने उलट सुरू: मग फसवून पळवून नेलेल्या मुली अडवायच्या कुठे? शेवटी एकदा विचारलंच, "नाना, तुमचं खरं मत कुठलं?"

"जे पंडितजींना पटत नाही ते," म्हणाले आणि पान जुळवायला लागले.

पंडितजींची म्हातारपणी एकच इच्छा होती, देह काशीत पडावा. पुतण्याच्या लग्नाला म्हणून ते गावी गेले आणि करोनात सरहद्द बंद झाली. तिकडे ते आजारी पडले. फोनवर तेच नानांची समजूत घालत, "बंद केली ते ठीकच झालं. आमच्या गावात तरी रोग येणार नाही."

"अहो, एका म्हाताऱ्याला सोडायला यांचं काय जातंय?" नाना चिडायचे. दोघांनी बाजू बदलल्या होत्या, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पंडितजी तिकडेच गेले. रस्ता खुला झाल्यावर पुतण्या अस्थी घेऊन आला. गंगेत विसर्जन झालं, मग तो पायरीवर बसून हिंदीत सांगू लागला. सरहद्दीवर झोला उघडायला लावला, कलशावरचं फडकंही सोडायला लावलं.

आता नाना भडकणार असं मला वाटलं.

"बघायलाच पाहिजे. माझं मत तेच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण आता मला 'नाही' कोण म्हणणार रे?"