सुमनच्या गालावरची सावली

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. पुण्यात चित्रकला शिकत होतो आणि माझी माणसं कागदावर पापडासारखी चपटी पडत होती. सर वैतागून म्हणाले, "नुसत्या कडा काय गिरवतोस? उजेड कुठून येतो ते बघ." वर्गमित्र दत्तू म्हणाला, "मग आमच्या गावी चल. तिथं उजेडाला तोटा नाही." निघालो.

श्रीगोंद्याची एसटी धरली. तिकीट स्वस्त, धूळ फुकट. आता रस्ता बरा झालाय, तरी जाणार असाल तर सकाळचीच गाडी गाठा. पुढे गावापर्यंत आम्ही उसाच्या रिकाम्या बैलगाडीतून गेलो. रात्री दत्तूच्या आईने हुलग्याचे शेंगोळे वाढले. तसे पुन्हा कुठे मिळाले नाहीत.

सकाळी मावशींनी, म्हणजे दत्तूच्या आईने, काम सांगितलं. दत्तूच्या बहिणीला, सुमनला, स्थळ आलं होतं. त्यांना फोटो हवा होता आणि फोटोवाला थेट नगरला. "तुमीच काढा की चित्र. दुपारी दत्तूचा मामा त्या पावन्यांच्या गावालाच निघालाय, त्याच्या हाती धाडते."

सुमनला दाराशी बसवलं. ऊन एकाच बाजूने येत होतं. बांगड्या मनगटाला वळसा घालून मागे जात होत्या. त्या वळणाने कोळसा फिरवला आणि हात गोल झाला! मग गाल. आधी उजेड, हळूहळू सावली, जबड्याच्या कडेला भिंतीवरून परतलेला पुसट उजेड. माझ्या हातून पहिल्यांदाच माणूस कागदातून वर आलं. मी हरखून गेलो.

सुमन बघतच राहिली. "दादा, गालाला हात लावावा वाटतोय. लई खरी हाय मी ह्यात."

तेवढ्यात मावशी आल्या. "अगं बया! अर्धं त्वांड काळं? पोरीला डाग हाय म्हनतील. पुसा ते आधी."

मी सावलीचं शास्त्र सांगू लागलो.

"आवो, मला सांगाल तुमी. त्यांना कोन सांगनार?"

खरंच होतं. दुसरा कागद उरला नव्हता आणि मामा वहाणा घालून उभे होते. "ऱ्हाऊ द्या ना, दादा," सुमन हळूच म्हणाली. पण स्थळ मोडलं तर? मी रुमालाने गाल पुसला. चेहरा गोरा झाला आणि चपटा.

चार दिवसांनी होकार आला. आम्ही निघताना सुमन म्हणाली, "पयल्यासारखं एक काढून धाडाल? माझ्यापाशी ठिवीन." मी हो म्हटलं.

पुण्यात कितीदा बसलो. गोलाई आता हुकमी जमत होती, सरही खूश होते. पण दर वेळी कागदातून दुसरीच कुणी मुलगी वर यायची. शेवटी काहीच पाठवलं नाही. अजून वाईट वाटतं.

पुसलेलं चित्र तिच्या सासरी काचेत लावलंय, दत्तू सांगतो. कुणी कौतुक केलं की ती म्हणते, "ती मी न्हाई."