कापसाचा हात

पुलापर्यंत ती माझ्याशी एकदाच बोलली. मागून दोन बस आल्या, दोन्ही जवळजवळ रिकाम्या, तरी तिनं हात केला नाही. राग आला की ती चालते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा कापडवाल्यानं रंग जाणारं कापड गळ्यात मारलं, तर अख्खा गठ्ठा डोक्यावर घेऊन ती त्याच्या गोदामापर्यंत चालत गेली होती आणि चालतच परत आली होती. आज खांद्याला फक्त कापडी पिशवी होती. पिशवीत तिची कात्री, टेप आणि एक फिकट निळा शर्ट, सहा वर्षांच्या मुलीचा.

"ताई, जरा हळू चला. मला धाप लागतेय."

"लागू दे. तोंड उघडायची सवय तरी होईल."

टोमणा बरोबर बसला. कारण आठवड्यापूर्वी तोंड उघडायला हवं होतं, तेव्हा मी हजेरीपटात डोकं खुपसून बसले होते.

तिला सगळे डावरी म्हणतात. दुकानाच्या पाटीवरही तेच आहे, 'डावरी टेलर'. बाराव्या वर्षी ती काकांच्या हाताखाली शिवण शिकायला बसली. कात्री उजव्या हाताची आणि पोरगी डावखुरी. काकांनी तिचा डावा हात कापडाच्या पट्टीनं मशीनच्या पायाला बांधला. दोन वर्षं. जेवायला सोडायचे तेवढाच. उजव्या हातानं ती सरळ कापायला शिकली खरी, पण घरी कुणी आलं की डावा हात पाठीमागे लपवायलाही शिकली. काका गेल्यावर तिनं आधी डाव्या हाताची कात्री मागवली, आणि मग ज्या नावानं पोरं चिडवायची तेच नाव पाटीवर रंगवून घेतलं. "घ्या, आता चिडवा," म्हणाली.

शाळेचे गणवेश तीस वर्षं तीच शिवते. मी पहिलीला शिकवते. शाळा उघडली की ती टेप घेऊन वर्गात येते, एकेकाला स्टुलावर उभं करते आणि माप मोठ्यानं सांगते. "तुझा डावा हात पाव इंचानं लांब. वरच्या फळीवरचा डबा काढतोस वाटतं?" पोरं खिदळतात. ती प्रत्येक हाताप्रमाणे वेगळी बाही कापते. दोन्ही बाह्या एका मापाच्या कापणाऱ्याला ती शिंपी मानतच नाही. "दोन हात सारखे असलेलं एकही लेकरू मला अजून सापडलेलं नाही," असं ती कुणालाही ऐकवते.

या वर्षी माझ्या वर्गात भिंगरी आली. एका जागी ठरत नाही म्हणून तिच्या आजोबांनी ठेवलेलं हे नाव. तिचा उजवा हात जन्मापासून कोपराशीच संपतो. त्या कोपरानं ती वही दाबून धरते, डबा छातीशी आवळून डाव्या हातानं झाकण उघडते, आणि शेजाऱ्याचं झाकण घट्ट बसलं असेल तर तेही उघडून देते. पहिल्या आठवड्यात मुलांनी विचारलं, हिनं सांगितलं, विषय संपला. मुलांचा संपला, मोठ्यांचा नाही.

वर्गाचा फोटो काढायचं ठरलं. मुख्याध्यापिकाबाईंनी भिंगरीच्या आईला बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "पूर्ण बाहीचा शर्ट शिवून घ्या. आत काहीतरी भरा. फोटोत बरं दिसत नाही. प्रार्थनेला हात जोडते तेसुद्धा बरं दिसत नाही."

मी रोज सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भिंगरी डावा तळवा उजव्या कोपराला टेकवून डोळे मिटते, तेव्हा अख्ख्या रांगेत तिच्याइतकं मनापासून कुणी उभं नसतं, माझ्यासकट. देवाला ते बरं दिसत नाही, हे बाईंना कुणी येऊन सांगितलं होतं? हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. मी हजेरी भरत राहिले.

भिंगरीची आई डावरीच्या दुकानात जाऊन रडली. आणि डावरीनं शिवून दिलं. हेच तिला आज जाळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दोन्ही बाह्या एका मापाच्या कापल्या. उजवीत कापूस ठासला, टोक शिवून बंद केलं आणि मुलीनं हात खिशात घातलाय असं दिसावं म्हणून बाही खिशाशी टाक्यानं अडकवली.

त्या शर्टात भिंगरीला वही धरता येईना की डबा उघडता येईना. पोरगी बाहुलीसारखी बसून राहिली. मधल्या सुट्टीत कुणीतरी बाही ओढली, टाका तुटला, कापूस बाहेर आला. "हिचा हात खोटा आहे!" सगळा वर्ग ओरडला. तोवर हातावरून तिला कुणी चिडवलं नव्हतं. यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे मुलांना आम्हीच शिकवलं. चार दिवस झाले, भिंगरी शाळेत आलेली नाही, आणि आईनं तो शर्ट डावरीकडे परत आणून दिला.

पूल ओलांडल्यावर डावरी बोलली. "काकांनी माझा हात बांधला, मी तिचा बांधला. काकांची पट्टी निदान दिसत तरी होती."

भिंगरीचं घर कारखान्यामागच्या चाळवजा इमारतीत, दोन खोल्यांचं. आईनं दार उघडलं आणि डोळ्याला पदर लावला. "मावशी, पलंगाखाली जाऊन बसलीय. शाळेचं नाव काढलं की तिथंच जाते. काय करू? देवानंच लेकरू अर्धं पाठवलं."

"देवाला मध्ये आणू नका!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "त्यानं पूर्ण पाठवलीय. अर्धी आपण केली तिला. बाईंनी, तुम्ही, मी."

डावरीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "उघडलं एकदाचं," एवढंच म्हणाली.

मग साठीची ती बाई फरशीवर आडवी झाली आणि टेपचं टोक पलंगाखाली सरकवलं. "ए भिंगरी, माझ्या बाहीचं माप घे. मला माझं घेता येत नाही."

टेपचं टोक आत ओढलं गेलं. मग आतून बारीक आवाज आला, "मला पन्नासपर्यंतच आकडे येतात."

"माझे हात पन्नास इंचांचे असते तर तुला इथूनच ओढून काढली असती की!"

आत खुदकन हसू फुटलं. भिंगरी बाहेर आली. टेपचं टोक तिनं कोपरानं डावरीच्या खांद्यावर दाबलं आणि डाव्या हातानं टेप मनगटापर्यंत ताणला. "एकवीस." दुसरा हात. "बावीस."

"चुकलीस."

"नाही चुकले! तुम्हीच बघा!" पोरगी भांडायलाच उठली. चुकली नव्हतीच. मग तिनं आईचे हात मोजले, मग माझे. "बाई, तुमचेपण सारखे नाहीत!" आणि मग स्वतःहून, "आता माझे."

डावरीनं मोजले. वर्गात सांगते त्याच आवाजात सांगितलं, "डावा पंधरा. उजवा आठ."

"माझा फरक सगळ्यांत मोठा!"

"आहे. त्यात मिरवण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखंही नाही. माप आहे ते."

तिनं पिशवीतून तो शर्ट काढला आणि कात्री भिंगरीच्या हातात दिली. मुलीनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "ही माझ्या हातात बसते!" शाळेतल्या साऱ्या कात्र्या उजव्या हाताच्या, हे पहिलीच्या मास्तरणीला त्या क्षणी कळलं. आईनं शर्ट ताणून धरला आणि भिंगरीनं कापसाची बाही कापून टाकली. कापणं वेडंवाकडंच झालं. डावरीनं ते तसंच ठेवून आठ इंचांवर दुमड घातली, तिथेच बसून, हातानं.

"पण फोटोचं काय?" आई म्हणाली. "मोठ्या बाई काय म्हणतील?"

"ज्यांना बघवत नाही त्यांनी फोटो घेऊ नये."

परत येतानाही तिनं बस थांबवली नाही. राग उतरला नव्हता, आणि आता माझाही चढला होता. पुलावर ती थांबली. गळ्यातला टेप काढून तिनं माझ्या गळ्यात घातला.

"उद्या येईल ती. पण वर्गात एकट्या तिचाच हात वेगळा दिसता कामा नये. फोटोआधी एकेकाचे दोन्ही हात मोज, मोठ्यानं सांग, फळ्यावर लिही. आधी तुझे. आणि मोठ्या बाई विचारायला आल्या, तर हजेरीपट मिटून बाजूला ठेव आणि त्यांना म्हण, हात पुढे करा. एवढं माझ्यासाठी कर."