डाव्या विंगेतली काकू

माझी भावजय प्रॉम्प्टर आहे. नट वाक्य विसरला की विंगेत उभं राहून त्याला ते हळूच पुरवायचं, हे तिचं काम. आमच्या नाटक मंडळीत ती सगळ्यांची काकू. पाठीमागे तिला 'कुजबुज' म्हणतात, आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे. हळू बोललेलं ऐकण्यातच तिचं आयुष्य गेलंय.

या कामात ती शिरली ती चष्म्यामुळे. माझ्या धाकट्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे. मंडळीचा जुना प्रॉम्प्टर आपल्याच चष्म्यावर बसला आणि तो मोडला. नवा पोचवायला भावाने नव्या नवरीला धाडलं. चष्म्याचा नंबर चुकला होता. (भावाला हे अजून मान्य नाही.) म्हाताऱ्याला अक्षर दिसेना आणि पडदा तर वर गेलेला. हिने त्याच्या हातातून संहिता घेतली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही.

मला तिचं कौतुक आहे, पण खरं ते सांगते. आमच्या नटांचं पाठांतर तिनेच बिघडवलं. नाना आमचा नायक, साठी उलटली तरी नायकच. तालमीला येतो तेव्हा त्याला स्वतःच्या पात्राचं नाव तेवढं आठवत असतं. अडला की तो मान डावीकडे कलती करतो, डोळे अर्धे मिटतो, थांबतो. डाव्या विंगेतून काकूची कुजबुज येते. मग तो असा गरजतो की प्रेक्षकांना वाटावं, काय खोल विचार करून बोलतोय माणूस! त्याचं बघून बाकीचेही तेच शिकले. आमचं कुठलंही नाटक बघा, सगळी मंडळी डावीकडे कललेली.

अशा या मंडळीला मागच्या वर्षी अनुदान मिळालं. दोन देशांतल्या कलावंतांनी मिळून एक नाटक बसवायचं, एकमेकांचं काहीतरी घ्यायचं आणि ते दोन्हीकडे करून दाखवायचं, यासाठी एक संस्था पैसे देते. तिकडून एक छोटा संच आला. ते त्यांच्या भाषेत बोलणार, आमचे आमच्या. मी कॉलेजात त्यांची भाषा शिकवत असे, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तालमी छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. खाली यंत्र सुरू झालं की वर खुर्च्या थरथरायच्या. त्यांची दिग्दर्शिका एका जागी उभी म्हणून राहत नसे. मंडळीने तिचं नाव ठेवलं 'भिंगरी'.

पहिल्याच आठवड्यात भिंगरीने नानाला मधेच थांबवलं आणि मला काहीतरी विचारलं.

"नाना," मी म्हटलं, "ती विचारतेय, मान का वाकडी करता?"

नानाचा चेहरा पडला. पाहुण्यांसमोर पाठांतर नाही म्हणून सांगायची लाज वाटली त्याला. घसा खाकरून म्हणाला, "तिला सांगा, ही आमची परंपरा आहे. बोलण्याआधी आतला आवाज ऐकायचा."

"खरंच हेच सांगू?"

"सांगा हो ताई. शब्दन् शब्द."

दुभाष्याने पदरचं घालू नये आणि समोरच्याचं गाळू नये. मी शब्दन् शब्द सांगितलं. डाव्या विंगेत कोणीतरी तोंडात रुमाल कोंबून हसलं.

झालं! भिंगरीला ती मान इतकी आवडली की तिने आपल्या नटांनाही ती शिकवायला घेतली. त्यांच्यात एक ताडमाड उंच नट होता. त्याला आम्ही 'खांब' म्हणत असू. तो बिचारा आरशासमोर उभा राहून मान कलती करायचा सराव करी. शेवटी त्याची मान आखडली, तेव्हा काकूनेच घरून गरम पाण्याची पिशवी आणून दिली. आणि भिंगरीने तर संस्थेलाही कळवून टाकलं, की इथे आम्हाला एक दुर्मीळ परंपरा सापडली आहे.

पहिला प्रयोग त्यांच्याकडे व्हायचा होता. कोण कोण जाणार ते ठरायची वेळ आली. अनुदानाचा नियम असा, की जो प्रत्यक्ष नाटकात आहे त्यालाच नेता येईल, आणि वर एक दुभाषी. दिवे, पडदे त्यांचे लोक सांभाळणार. मी प्रॉम्प्टरचं विचारल्यावर भिंगरी म्हणाली, "आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो. विसरणाऱ्याने घरी बसावं."

नाना घाईघाईने म्हणाला, "छे छे, आमचं सगळं पाठ आहे!"

त्या वाक्यासरशी काकूचं नाव कटलं. आणि मंडळीत सगळ्यात आधी पासपोर्ट काढून बसलेली तीच होती.

घरी ती पालेभाजी निवडत बसली. भावाला राहवलं नाही. "बरंच झालं की. तिकडे जाऊन कुजबुजणार तरी कोणाच्या कानात?"

"तुमच्या कानात इतकी वर्षं बोलतेय, त्याचा तरी काय उपयोग झाला?"

तो दुकानात पळाला. मग ती मला म्हणाली, "वन्सं, फिरायला नव्हतं हो जायचं मला. परक्या रंगमंचाच्या विंगेत एकदा उभं राहायचं होतं. अंधार इथल्यासारखाच असतो का, बघायचं होतं."

"मग सांगते की भिंगरीला खरं काय ते."

"खबरदार! नानांची शोभा होईल. आणि ती बाई वर परंपरा म्हणून कळवून बसलीय. अनुदान गेलं तर कोणालाच जायला नको. माझ्या एकटीपायी?"

मला असला समजूतदारपणा मुळीच आवडत नाही. पण तिने मला शपथच घातली.

निघण्याआधीची शेवटची तालीम काकूशिवाय झाली. ती प्रेक्षकांच्या खुर्चीत, माझ्या शेजारी. "आज तोंड उघडलं तर नाव बदलीन," म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून बसली.

थोडा वेळ गाडी बरी चालली. मग नानाची मान डावीकडे कलली. विंग रिकामी. तो थांबला. त्याला आधार म्हणून बाकीच्यांच्या माना कलल्या. खांबाने आणि त्याच्या सोबत्यांनी शिकवल्याबरहुकूम आपापल्या माना कलत्या केल्या. अख्खा रंगमंच डावीकडे झुकलेला आणि कोणी हूं की चूं करत नाही. भिंगरी हरखून माझ्या कानात म्हणाली, "काय ही शांतता!" नानाच्या कपाळावरून घाम ओघळला. काकूचे ओठ हलत होते, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले होते. मी तिला कोपराने ढोसलं. ती मानेनेच नाही म्हणाली. नानाने गोंधळून प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि त्याचा तो केविलवाणा चेहरा बघून तिचा बांध फुटला.

"'हे दार मी उघडणार नाही!' असं म्हणा हो नाना!"

"हे दार मी उघडणार नाही, असं म्हणा हो नाना!" नाना गरजला.

सगळ्या माना एकदम सरळ झाल्या आणि खांबाने लगेच, काही झालंच नाही अशा थाटात, आपलं पुढचं वाक्य घेतलं.

भिंगरी गर्रकन वळली. "ही बाई इथे नक्की करते तरी काय?"

मी नानाकडे पाहिलं. त्याने हात जोडले. "सांगा ताई. सगळं सांगा."

मी सांगितलं. भिंगरी लाल झाली. रागाची लाली होती ती, मला उगाच गोड लिहायचं नाही. तेवढ्यात खांब पुढे आला. "ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं मला वाटत होतं," तो म्हणाला. "यांची भाषा मला कळत नाही. ही पुढचं वाक्य कुजबुजायला लागली की मला समजतं, आता माझी पाळी जवळ आली. आज सकाळपासून मी नुसता चाचपडतोय."

भिंगरीने हॉलला दोन फेऱ्या मारल्या आणि तिथूनच संस्थेत आमचं अनुदान बघणाऱ्या बाईंना फोन लावला. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं.

"परंपरा नव्हे?" बाई म्हणाल्या. "मग मी आता काय म्हणून लिहू?"

"चूक म्हणून लिहा. दोन्ही देशांनी मिळून केलेली."

पलीकडे बाई खो खो हसल्या. "नाटक तिच्या आवाजावर चालतं ना? मग ती नाटकातच आहे. घेऊन या."

काकूला हे मी आमच्या भाषेत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नानांना पाणी द्या आधी कोणीतरी."

तिकडच्या नाट्यगृहात विंगच नव्हती. तीन बाजूंना प्रेक्षक, मधे उघडी जमीन. भिंगरीने खास तिच्यासाठी डावीकडे एक काळा पडदा टांगून घेतला. काकूने त्याचं कापड बोटांत चोळून पाहिलं, मागे जाऊन उभी राहिली आणि आतून म्हणाली, "अंधार बरा आहे."

पहिला अंक झाला. कोणी म्हणजे कोणी अडलं नाही! त्या तालमीतल्या फजितीने घाबरून सगळ्यांनी घोकंपट्टी केली होती. मध्यंतरात मी मागे गेले, तर काकू कमरेवर हात ठेवून उभी.

"इतक्या लांब आणलंत मला, आणि एक मेला विसरत नाही!"

"काकू, विसरलो तरी बोलणी, नाही विसरलो तरी बोलणी?" नाना रडकुंडीला आला.

"मग काय, मी इथे पडद्याला टेकू द्यायला आलेय?"

दुसऱ्या अंकात नाना विसरला. चांगला सणसणीत, लांबलचक उतारा विसरला. काकूने तो सबंध पुरवला आणि इतक्या जोरात पुरवला की मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं. तो मुद्दाम विसरला का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता आमच्याकडे कोणी आलं की ती तो प्रयोग सांगते. दर वेळी विसरणाऱ्यांत एकाची भर पडते. परवा तर खांबही विसरला होता आणि त्यालाही तिनेच सावरलं. नाना चहाचा कप हातात धरून समोर बसला होता. "अगदी असंच झालं," म्हणाला, आणि आणखी एक बिस्कीट उचललं.