न पोचलेले छर्रे

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भातसानगरच्या पंपघरात होतो. आतल्या घरघरीत मुरबाडच्या प्रवीणचं बोलणं नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, आणि ऐकल्यावर वाटलं, आतच राहिलो असतो तर बरं झालं असतं. शहापूरच्या आपल्या दुकानात, समोर उघडी मोटार, हातात तांब्याची तार, आणि तसाच बसल्या जागी तो कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी मी रडलो, दहाव्याला रडलो, तेराव्यालाही रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, याला मैत्रीची काही चाड नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य आहे. पण गेलेल्या माणसाने आपल्याला फसवलं असेल, आणि ते तो गेल्यावर कळलं असेल, तर ते बोलायचं कुणापाशी...

काशा मोटार भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देणारा. विहिरींवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, लग्नाघरचे जळालेले मिक्सर, सगळं त्याच्या दुकानात यायचं. आमच्या वसाहतीतल्या पंपाची मोटार घेऊन मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो त्याला वीसेक वर्षं झाली असतील. मोटार दोन दिवसांत परत आली, मी मात्र तिथलाच झालो. ड्यूटी संपली की त्याच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसायचं, वार्निशचा वास घ्यायचा आणि जगाला नावं ठेवायची, हा आमचा कार्यक्रम. मी तापट, तो थंड. मी बोलून मोकळा होणारा आणि तो हसून गप्प बसणारा. त्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं मोठं मन समजत आलो.

बंदुकांचं वेड सहा-सात वर्षांपूर्वीचं. कल्याणचा एक पोरगा बोटाएवढी मोटार घेऊन दुकानात आला. कशाची म्हणून काशाने विचारलं, तर त्याने पाठीवरच्या पिशवीतून अख्खी रायफल काढून टेबलावर ठेवली. समोरच्या रसवंतीतली माणसं ग्लास टाकून उभी राहिली. पण ती नकली होती. दिसायला हुबेहूब लष्करी, वजनालाही तशीच, आत मात्र बॅटरी, मोटार, दातेरी चाकं आणि एक दणकट स्प्रिंग. स्प्रिंग मागे ओढली जाते, सुटते, आणि तिच्या जोरावर तुरीच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा छर्रा बाहेर पडतो. एअरसॉफ्ट म्हणतात या खेळाला. दोन टोळ्या करायच्या, झाडाझुडपांत दबा धरायचा आणि एकमेकांना टिपायचं. ती मोटार दुरुस्त करता करता काशा असा काही नादावला की महिन्याभरात त्याने स्वतःसाठी एक जुनी रायफल मिळवली आणि पाठोपाठ माझ्यासाठीही एक. "सुभ्या, पन्नाशीच्या आत एकदा तरी लढाई करू," म्हणाला.

जागा त्याच्याच घरची होती. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी, त्यांचं वरकस रान. भाताला निरुपयोगी, गवताला चांगलं. दिवाळीनंतर भात कापून झालं की होळीपर्यंत आमचे रविवार तिथे. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवायचं, नळीच्या टोकाला नारंगी रंग फासायचा, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. तरी पहिल्या दिवशी पाड्यावरची एक म्हातारी लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन आमच्यासमोर उभी ठाकली. "कां रं, डुकरां मारायला आलाव का?" काशा म्हणाला, "नाय गो आये, आमी एकमेकांनाच मारताव." तिने आम्हा सगळ्यांकडे, आमच्या पोटांकडे, आमच्या हेल्मेटांकडे एकवार पाहिलं. "मंग मारा," म्हणाली आणि निघून गेली.

या खेळात पंच नसतो. छर्रा इतका लहान की कुणाला लागला हे लांबून दिसत नाही. ज्याला लागला त्याने स्वतःहून हात वर करून 'हिट' ओरडायचं आणि बाहेर बसायचं. काशा दर रविवारी नव्या माणसाला हे समजावून सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा. "ह्यो इमानाचा खेळ हाय. कोण बघतो, कोण नाय, त्याचा विचार करायचा नाय." आम्ही माना डोलवायचो. खेळाआधी तो प्रत्येकाच्या बंदुकीतून सुटणाऱ्या छर्र्याची गती मोजायचा. फार जोराचा छर्रा डोळ्यादातावर बेतू शकतो, म्हणून मर्यादा असते. मोजायचं यंत्र त्याच्या हातात, आकडा त्यानेच वाचायचा. आणखी एक नियम त्याने घालून दिला होता, दुसऱ्याची बंदूक हातात घ्यायची नाही. सुरक्षिततेसाठी, म्हणे.

दुसऱ्या वर्षी मला सूर सापडला. लागोपाठ तीन रविवार मी काशाला टिपलं. एकदा तर बांधाआडून, तो करवंदीच्या जाळीतून वाकून निघताना, बरोबर पाठीच्या मधोमध. हात वर करून 'हिट' ओरडला बिचारा. मी दिवसभर उड्या मारत होतो, जेवताना चारचौघांत त्याची चेष्टा केली, तोही हसला. दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाला, "तुझ्या बंदुकीचा आवाज बदलल्यागत वाटतो रे. ठेव, सर्व्हिसिंग करून देतो." मी ठेवली. परत मिळाली तेव्हा ती लोण्यासारखी चालत होती. आणि त्या रविवारपासून माझा नेम गेला.

छर्रे जायचे, पण पोचायचे नाहीत. मध्येच मान टाकायचे. मी तक्रार केली की काशा यंत्र लावून आकडा वाचायचा, "बरोबर तर हाय, सगळ्यांइतकाच." मग वाऱ्याला दोष दे, छर्र्यांचा ब्रँड बदल, सगळं करून झालं. शेवटी तोच म्हणाला, "डोळे तपासून घे." शहापुरात तपासायला गेलो तेव्हा काशा माझ्याबरोबर होता. नंबर निघाला थोडासा, या वयात कुणाचाही निघतो. फ्रेमही त्यानेच निवडली. "ही घे, मास्तर दिसतोस," म्हणाला. आज तोच चष्मा लावून हे लिहितोय आणि अंगाचा तिळपापड होतोय.

तरी मी जात राहिलो. हरत राहिलो, पण जात राहिलो, कारण आठवडाभर त्या रानाची, त्या गड्याची ओढ असायची. मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. प्रवीण मोहाच्या झाडाआड पाठमोरा उभा होता. प्रवीण म्हणजे मुरबाडात मोबाइल दुरुस्त करणारा, माझ्याहून बराच लहान, शांत माणूस. मी नेम धरून दहा-बारा छर्रे त्याच्या पाठीवर सोडले. तो हलला नाही की हात वर केला नाही. माझं डोकं फिरलं. लबाड, इमान विकलेला, काय वाटेल ते बोललो. काशाने खेळ थांबवला, सगळ्यांना झाडाखाली बोलावलं आणि मला म्हणाला, "सुभ्या, त्याला लागला नाय. माफी माग."

मी म्हटलं, "तुला काय माहीत, लागला नाही ते?"

"मला म्हाईत हाय," काशा म्हणाला.

मला वाटलं, न्यायाने बोलतोय. मित्राची बाजू न घेता खऱ्याची बाजू घेणारा माणूस म्हणून त्या क्षणीही त्याचा अभिमान वाटला, असा मी बावळट. सगळ्यांसमोर प्रवीणची माफी मागितली. नजर गेली, हात गेला, वर जीभही घसरायला लागली, आता पुरे, असं ठरवलं. बंदूक काशाच्या हातात दिली, "वीक नाहीतर मोडीत घाल," म्हटलं. त्यानंतर त्या रानात पाऊल टाकलं नाही. काशाचं माझं येणंजाणं राहिलं, पण रविवार गेले. कुणाला हसू येईल, पण माझ्या साध्यासुध्या आयुष्यात तेवढे रविवारच काय ते रंगीत होते.

तेराव्यानंतर वनितावहिनींनी, काशाच्या बायकोने, दुकान आवरायला म्हणून मला आणि प्रवीणला बोलावलं. वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली माझी बंदूक निघाली. विकली नव्हती. मला भरून आलं. प्रवीण म्हणाला, "दादा, होळीआधी सगळे जमणार आहेत, काशादादाच्या नावाने एक खेळ करू. हिला मी उघडून साफ करतो." त्याच टेबलावर त्याने ती उघडली, आणि आतला भाग उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघितला. मग त्याने स्प्रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. एका टोकाचे वेढे कापलेले होते, म्हणजे तेवढा जोरच काढून घेतलेला. ग्राइंडरने कापून, टोक घासून, गुळगुळीत करून. काशाचं काम मी ओळखतो. गबाळं काम त्याने आयुष्यात केलं नाही.

बाजूलाच काशाची स्वतःची बंदूक होती. प्रवीणने तीही उघडली. तिची स्प्रिंग अख्खी होती. नंतर त्याने बाकीच्यांच्याही तपासल्या, सगळ्या अख्ख्या.

"दादा, तुमचा नेम लय जबर होता," प्रवीण म्हणाला, "कुणाच्या डोळ्याला लागंल म्हणून केलं असंल त्यांनी." ज्याला मी लबाड म्हटलं होतं तो माझी समजूत काढत होता. घरी आलो तर बायको म्हणाली, "मशीन लवकर झिजू नये म्हणून कापली असेल." मलाही काहीतरी तसंच हवं होतं. माझ्या भल्यासाठी केलं असं एक कारण सापडलं असतं, की मी लगेच माफ करून मोकळा झालो असतो. म्हणून ती स्प्रिंग खिशात घालून पुन्हा वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, काशा उगाच असं करणार नाही, काहीतरी चांगलाच विचार असेल त्यामागे.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "भावजी, उगाच त्यांना देव नका करू. ते हराया लय भ्यायचे. घरात पोरांसंगती पत्ते खेळले तरी एक पान मांडीखाली असायचा. मी बघायची, बोलायची नाय."

"मला दोन वर्षं घरी बसवलं त्याने, वहिनी."

"तुमी यायचा बंद केलात ना, त्या राती जेवले नाय ते."

"मग सांगायचं होतं मला!"

"सांगतील कसे?" वहिनी म्हणाल्या. "तुमी पुन्ना जिंकला असता." आणि त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं.

गेल्या रविवारी आम्ही रानात जमलो. काशाच्या फोटोला हार घातला, कुणीतरी त्याच्या इमानाबद्दल चार शब्द बोललं. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. माझ्या बंदुकीत नवी स्प्रिंग होती. पहिल्याच डावात मी प्रवीणला टिपलं, चांगलं लांबून, झाडापलीकडून. छर्रा सरळ गेला, रेष आखल्यासारखा. डोळे ठीक होते माझे. हातही ठीक होता. टाळ्या वाजल्या, आणि मला इतकं रडू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. सगळ्यांना वाटलं, काशाची आठवण आली. आली होतीच, पण ते म्हणत होते तशी नव्हे.

संध्याकाळी घरी येऊन पायरीवर बसलो आणि मोज्यांतली कुसळं काढायला लागलो. तेव्हा ध्यानात आलं की गेली दोन वर्षं या पायरीवर, याच वेळी, काशा बसायचा. खेळ संपला की मुरबाडहून शहापूरला सरळ घरी न जाता वाकडी वाट करून आमच्याकडे यायचा. बूट उतरवायचा, मोजे मांडीवर घेऊन एकेक कुसळ वेचायचा, चहा प्यायचा, आज कोण कुठे सापडला ते सांगायचा. उठताना दर वेळी म्हणायचा, "ये रे सुभ्या, तुझ्याबिगर मजा नाय." मी म्हणायचो, डोळेच राहिले नाहीत आता. मग तो पुन्हा बसायचा आणि नसलेली कुसळं शोधत राहायचा. दर रविवारी. एक वाक्य बोलायला लागलं असतं. मी आरडाओरडा केला असता, आठ दिवस अबोला धरला असता आणि नवव्या दिवशी दुकानातल्या बाकावर जाऊन बसलो असतो. हे त्याला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्याने मला चांगलं ओळखलं होतं. तरी बोलला नाही.

कुसळं काढून झाली तरी मी बराच वेळ बसून होतो. माफ केलं असं लिहून हा लेख संपवता आला असता, पण ते खोटं होईल. मला त्याच्याशी भांडायचं आहे, आणि तो नाही. इतकी वर्षं मी तुझ्याकडून दर रविवारी हरलो, काशा, आणि पुढच्या रविवारी हसत आलो. तुला माझ्याकडून हरायला काय झालं होतं रे?